खिडकीकडच्या चार टाक्या

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला मी सेवाग्राम रोडवरच्या त्या कॉलेजात पोचले, तेव्हा चार टाक्यांमधली पोवळी मेलेली होती आणि ती कोणी मारली हे प्रभाकररावांनी ठरवूनही टाकलं होतं.

"जंगलूनं," ते म्हणाले. प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "लॅबची चावी त्याच्याकडे, पाणी तोच बदलतो. आणखी कोण असणार? बुधवारी बारा वाजता त्याला काढल्याचं पत्र निघेल. अकरा वर्षं कंत्राटावर असलेला माणूस, पुढच्या महिन्यात कायम होणार होता. आता बसेल घरी."

"फाशी आधी आणि चौकशी मागून, असं का सर?" मी विचारलं.

माझी जीभ अशीच आहे. मी कमला थूल. एकतीस वर्षं सरकारी पाणी-तपासणीत केमिस्ट होते. जिल्ह्यातल्या किती विहिरी आणि हातपंप तपासले याची मोजदाद नाही, पण माझा एकही रिपोर्ट कधी चुकीचा निघाला नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात पाय ठरत नाही. भाची रोशनीचा रडत रडत फोन आला आणि मी चहा तसाच टाकून निघाले.

वर्ध्यात समुद्र नाही, मग पोवळी कुठून, असं सगळे विचारतात. आपल्याकडे पोवळं अंगठीतलं. ते एका जिवाचं घर असतं हे कोणाच्या गावी नसतं. रोशनीचा विषयच तो. आपल्या शेतातलं खत, फवारणीचं औषध पावसात वाहून वर्धा नदीत जातं, तिथून प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी समुद्रात. त्या पाण्यानं पोवळ्यांचं काय होतं, हे ती तीन वर्षं बघत होती. काचेच्या आठ टाक्या, प्रत्येकीत साठ लिटर. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ घालून बनवलेला समुद्र, आणि त्यात सरकारी परवानगीनं आणलेले पोवळ्यांचे जिवंत तुकडे.

भिंतीकडच्या चार टाक्या ठणठणीत होत्या. खिडकीकडच्या चारांत पोवळ्यांची कातडी सालपटासारखी सुटून खाली पडली होती आणि पांढरी हाडं उघडी पडली होती.

जंगलू दारात उभा होता. काळासावळा, पन्नाशीचा, खाकी शर्टाची वरची गुंडीही लावलेली.

"जंगलू, खरं सांग. काय टाकलं पाण्यात?"

"काईच नाई टाकलं, मॅडम."

"मग मेली कशी?"

"मले नाई माईत." त्यानं मान खाली घातली. "मी काईच नाई टाकलं."

मी परत टाकीकडे वळले आणि तिथंच थबकले. मेलेल्या पोवळ्यांवरून नारिंगी पट्ट्याचा मासा मजेत फिरत होता.

२

"मासे जिवंत कसे?" मी रोशनीला विचारलं.

"काय माहीत, आत्या. मला काही सुचूनच नाही राहिलं." तिचे डोळे सुजले होते.

"सुचत नसेल तर मोज. चार टाक्यांत मासे किती?"

"चार. चारही जिवंत."

"आणि त्या गोगलगायी? काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या?"

तिनं वाकून पाहिलं. खिडकीकडच्या टाक्यांत गोगलगायी तळाशी उलट्या पडल्या होत्या, एकजात मेलेल्या. भिंतीकडच्या काचेवर चिकटून होत्या.

मग मी एकेकाला पकडलं. आधी प्रभाकरराव. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आरओचं मशीन हळू चालतं, कंटाळून जंगलूनं नळाचं पाणी ओतलं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मेली पोवळी.

"क्लोरीननं आधी माशांचे कल्ले जळतात, सर. मासे तर तुमच्यापेक्षा तरतरीत आहेत."

त्यांनी चष्मा पुसला.

रोशनी शुक्रवारी दुपारीच सेलूला मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती, रविवारी संध्याकाळी आली. शनिवारी खिडकीकडच्या टाक्यांचं पाणी बदलायचा दिवस. भिंतीकडच्यांचा दिवस बुधवार. प्रत्येक टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. हे काम जंगलू दीड वर्षं बिनचूक करत होता.

"तुझा त्याच्यावर संशय आहे का?" मी विचारलं.

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "सर म्हणतात ना आत्या... चावी त्याच्याचकडे होती."

"मी सरांना नाही विचारलं."

"आहे थोडा," ती हळूच म्हणाली.

मला राग आला. पण खरं सांगायचं तर थोडा मलाही होता. मी दहा बाटल्या काढल्या. आठ टाक्यांच्या आठ, आरओ मशीनच्या नळीची एक, आणि ते पाणी ज्यात साठतं त्या निळ्या ड्रमची एक. माझ्या जुन्या लॅबमध्ये तानबा अजून नोकरीला आहे. त्याच्याकडे स्वतः रिक्षानं घेऊन गेले.

"आज होत नाई मॅडम," तानबा म्हणाला, "उद्या सकाळी सांगतो."

रात्रभर मी कूस बदलत होते. मासा जिवंत, गोगलगाय मेली, पोवळं मेलं. असं काय असतं, जे मणका असलेल्याला सोडतं आणि नसलेल्याला मारतं? पहाटे उत्तर सुचलं, आणि ते खरं निघू नये असं वाटलं, कारण ते आपोआप पाण्यात येत नाही.

३

मंगळवारी दहा वाजता तानबाचा फोन आला.

"मॅडम, तांबं हाय."

"कुठं कुठं?"

"खिडकीकडल्या चारी बाटल्यांत. लिटरमागं झिरो पॉइंट एक मिलिग्रॅम. चारीत सारखंच."

"भिंतीकडच्या?"

"काईच नाई."

"मशीन? ड्रम?"

"तेबी कोरे. मॅडम, एवढुसं तांबं त आपन पितो बी. याच्यानं कोन मरते?"

"पोवळं मरतं, तानबा. गोगलगाय मरते. माशाला काही होत नाही, उलट माशांच्या रोगावर औषध म्हणून देतात."

रोशनी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. ती मला हाताला धरून पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. तिथं अश्विनचं टेबल आणि कपाट. अश्विन तिच्याच बरोबरीचा संशोधक, आष्टीचा. हा प्रकल्प आधी त्यानं मागितला होता आणि मिळाला रोशनीला. तेव्हापासून दोघांत बोलणं कामापुरतं.

कपाटाला कुलूप नव्हतं. खालच्या खणात प्लास्टिकची थैली होती; रोशनीनं ती गेल्या आठवड्यात त्याच्या हातात पाहिली होती. मी गाठ सोडली.

आत निळेशार खडे. मोरचूद. म्हणजे तांब्याचंच मीठ.

"माझ्या कपाटात काय करून राहिल्या तुम्ही?" मागून आवाज आला.

४

अश्विन दारात उभा होता. उंच, किडकिडीत, हातात डबा.

"हे काय आहे?" मी थैली वर धरली.

"मोरचूद. आमच्या बाबांची संत्र्याची बाग आहे. चुन्यात कालवून बोर्डो लावायचा आहे झाडांच्या बुंध्याले. इथं दुकानात चांगला मिळते म्हणून घेऊन ठेवला, शनिवारी गावाकडे न्यायचा." तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडे पाहिलं, रोशनीकडे पाहिलं. "अच्छा. म्हणजे आता माझा नंबर."

"प्रकल्प तुला हवा होता."

"हवा होता. अजूनही हवा आहे. तोंडावर सांगतो, मला तिचा हेवा वाटते. पण ते जीव मारून मला काय भेटणार? पोवळीच नाहीत, तर प्रकल्प कोणाचाच नाही. ग्रँटच बंद होईल." त्यानं डबा टेबलावर आदळला. "जंगलूकाकाले धरलं, ते जमलं नाही, आता मले धरा."

रोशनीनं मान वळवली. मी मात्र तिथल्याच एका कागदावर हिशेब मांडला. साठ लिटरची टाकी. झिरो पॉइंट एक. म्हणजे एका टाकीत सगळं मिळून तांबं सहा मिलिग्रॅम. मोरचूद म्हणून मोजलं तर दोन-चार बारीक कण. माणूस डूख धरून विष कालवायला आला, तर चिमूट तरी टाकेलच ना! आणि एका चिमटीत याच्या दहा-पंधरा पट तांबं. मग मासेही वाचले नसते. शिवाय चारही टाक्यांत सारखं. हातानं टाकलेलं असं तोलून मापून पडत नाही.

"अश्विन, बस. तू नाहीस."

"थँक्यू," तो कडवट हसला.

"हे कोणी टाकलेलंच नाही," मी म्हणाले. "हे बदललेल्या पाण्यातून आलं. चौथा हिस्सा पाणी बदललं, म्हणजे नव्या पाण्यात तांबं याच्या चौपट असणार. शनिवारच्या त्या पाण्यात."

"पण आत्या, ड्रमचं पाणी कोरं निघालं."

"सोमवारचं कोरं आहे. शुक्रवारी रात्री साठलेलं नव्हतं."

मी धावतच लॅबमध्ये गेले. गुडघा कुरकुरत होता, त्याला मी शिवी दिली. आरओ मशीनखालचा निळा ड्रम हातानं फिरवला. मागच्या बाजूला कंपनीचं स्टिकर चकाकत होतं, एक कोपराही उचकटलेला नाही. काल मी याच ड्रममधून बाटली भरली होती आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

"रोशनी, हा ड्रम कधीचा?"

ती चक्रावली. "हा... हा आपला नाही. आपल्या ड्रमवर डाग होता, झाकणाजवळ."

"मग आपला कुठं गेला? आणि हा यायच्या आधी पाणी साठलं कशात?"

५

जंगलूला दोन दिवस घरी राहायला सांगितलं होतं. सेवाग्रामजवळच्या वरुडकडच्या वस्तीत त्याच्या दोन खोल्या. मी गेले तेव्हा तो ओट्यावर बसला होता, काही न करता. मी एकटीच गेले होते. आत त्याची बायको ज्योत्स्ना चुलीजवळ होती, चूल थंड.

मी उंबऱ्यातच थांबले. समोर फळीवर पाणी भरायचे तीन मोठाले तांब्याचे गुंड ओळीनं मांडलेले. चिंचेनं घासून असे लख्ख केलेले की डोळे दिपावेत.

मी मागे वळून ओट्याशी आले.

"जंगलू, शुक्रवारी ड्रमचं काय झालं?"

"फुटला ना, मॅडम. खालून चिरला. सगळं पानी फरशीवर." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "रोशनीताई लग्नाले गेलत्या. स्टोअरवाला मने, नवा उद्या दुपारी भेटन. मंग रातभर मशीनचं पानी धरू कायच्यात? तिथं एक पेंटची बकेट होती, एक फिनेलचा डबा. तसल्या भांड्यात धरू का त्या जिवाईचं पानी? मी घरून हे तीन गुंड नेले. वीस-वीस लिटरचे. चिंच लावून घासले, तीनदा धुतले. सकाळी त्याच पान्यात मीठ घोळलं अन् टाक्यात भरलं. दुपारी नवा ड्रम आला, गुंड घरी आनले."

"हे दोन दिवसांत कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोनी विचारलं?" त्याचा आवाज चढला. "सर मनतात काय टाकलं, ताई मनते काय टाकलं, तुमी बी तेच. मी काईच नाई टाकलं. कायच्यात ठेवलं, हे कोनी विचारलंच नाई."

आरओचं पाणी भुकेलं असतं. त्यातले सगळे क्षार काढून घेतलेले असतात, म्हणून ज्याला टेकेल त्यातलं ते खात सुटतं. त्यातून चिंचेनं ताजं घासलेलं तांबं, आणि उभी रात्र. सगळं जुळलं. मी खाली ओट्यावर बसले.

"पण जंगलू, तांब्यातच का? स्टीलचं पातेलं नव्हतं घरात?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी थट्टा करते आहे.

"मॅडम, तुमीच त सांगतलं होतं."

"मी?"

"आमच्या टोलीत, गोंडाईच्या वस्तीत. आष्टीच्या पल्याड, जंगलाले लागून. पंधरा-सोळा वर्सं झाले. हगवन लागली होती, चार लेकरं गेली. तुमी जीप घेऊन आल्या, विहिरीचं पानी तपासलं. मंग पारावर उभ्या राहून सांगतलं, पानी रातभर तांब्यात ठेवा, त्यातले जंतू मरतात. सगळ्यात चांगलं भांडं पान्याले ठेवा. मी तवाच हे गुंड घेतले. माई पोरगी तवा तीन वर्साची होती. वाचली."

आतून ज्योत्स्ना त्याला गोंडीत काहीतरी बोलली. मग तिनं मला मराठीत विचारलं, "मॅडम, मंग आता घरचं पानी कायच्यात ठेवू?"

"तांब्यातच," मी म्हणाले. "माणसाला चांगलंच आहे ते." शेकडो गावांत मी ते भाषण केलं होतं. जंतू मरतात, एवढंच सांगत आले. पाण्यात आणखी कोणाकोणाचा जीव असतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरभर येरझारा घातल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जंगलूकडून चूक झाली एवढंच सांगितलं, तर त्याची नोकरी जाते. तांबं कुठून आलं ते कळलं नाही म्हटलं, तरी जाते. आणि पूर्ण खरं सांगितलं, तर एकतीस वर्षांची माझी ती फुशारकी जाते. लाज वाटते सांगायला, पण मी तासभर विचार केला.

६

बुधवारी अकरा वाजता प्रभाकररावांच्या केबिनमध्ये रोशनी, अश्विन आणि मी. टाइप केलेलं पत्र टेबलावर तयारच होतं, फक्त सही बाकी.

मी सगळं क्रमानं सांगितलं. मासे, गोगलगायी, चारही टाक्यांतलं सारखं तांबं, मोरचूद का नाही, नवा ड्रम, तीन गुंड.

प्रभाकररावांनी टेबलावर हात आपटला. "म्हणजे मारली त्यानंच! मी काय वेगळं म्हणत होतो?"

"त्याच्या हातानं मेली, हे खरं आहे. सांगितलं होतं मी." आणि मी टोलीतली गोष्ट सांगितली.

अश्विन माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही गावकऱ्यांना सांगितलं होतं, लॅबसाठी नाही," प्रभाकरराव शेवटी म्हणाले. "लॅबच्या माणसानं लॅबची शिस्त पाळायला नको?"

"कोणती शिस्त? पाणी कशात ठेवायचं, कशात नाही, याचा एक कागद दाखवा. भिंतीवरचा दाखवा, फायलीतला दाखवा."

त्यांनी रोशनीकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"कागद नाही, सर. मी कधी लिहूनच दिलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की सगळ्यात चांगल्या भांड्यात पाणी ठेवजो. त्यानं तेच केलं. मी त्याच्यावर संशय घेतला आणि विचारलं मात्र काहीच नाही. चूक माझी आहे."

"तुमचं पत्र बारा वाजता खुशाल काढा," मी म्हणाले. "सोबत माझा रिपोर्ट जाईल, माझ्या सहीचा. तांब्याची सूचना कमला थूल यांची. विभागात लेखी नियम नाही. विभागप्रमुख कोण, तेही लिहावं लागेल, सर. रिपोर्ट अर्धवट द्यायची मला सवय नाही."

प्रभाकररावांनी पत्र उचललं, एकदा वाचलं आणि घडी करून खणात टाकलं. "बोलवा त्याला," ते म्हणाले. "उद्यापासून ड्युटीवर. कायम करायची फाइल मी थांबवणार नाही. आणि रोशनी, तो नियमांचा कागद आजच्या आज लिही. मराठीत."

"जंगलूकाकाले विचारून लिही," अश्विन म्हणाला. "त्याले तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." रोशनीनं मान हलवली.

मी रिपोर्टवर सही केली.

पत्र घ्यायला बोलावलेला जंगलू बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. नोकरी राहिल्याचं त्याला आधीच कळलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. रोशनी त्याच्यापुढे जाऊन रडली, हात जोडले. त्यानं तिचे हात खाली केले. "जाऊ द्या ताई, तुमची तीन वर्सं गेली," म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, दोन दिवस घरात चूल नाई पेटली. वस्तीतले लोक दारावरून जात अन् आत पाहत. मी त्या जिवाईले लेकरावानी सांबाळलं, अन् मलेच मारेकरी ठरवलं. तुमी त शिकल्या-सवरल्या. सोमवारीच एक गोष्ट नीट विचारली असती त..."

त्याचं वाक्य पूर्ण झालं नाही. कितीतरी कलेक्टरांना आणि इंजिनिअरांना मी तोंडावर उत्तर दिलेलं आहे, पण माफी कोणाची मागितली नव्हती.

"माझं चुकलं, जंगलू," मी म्हणाले. "माफ कर मला."

त्यानं मैदानाकडे पाहिलं.

"टोलीत आल्या होत्या तवा तुमी लय मोठ्यानं बोलल्या होत्या," तो म्हणाला. "सगळ्या टोलीनं आयकलं. आज हळू बोलल्या."

"ऐकू आलं का?"

"हाव," जंगलू म्हणाला. "आलं."